शेकडा किती?

नववीच्या गणिताच्या पुस्तकात सहावं प्रकरण ‘अर्थनियोजन’ आणि त्याला लागून सातवं ‘सांख्यिकी’. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ही दोन प्रकरणं एकत्र करून मुलांकडून घरच्या जमाखर्चाचा प्रकल्प करून घ्यावा, असं फार दिवस मनात होतं. अर्थनियोजनाच्या प्रकरणात बचत, गुंतवणूक, आयकर असं सगळं आहे. शिकवायला ते चांगलंच आहे. पण माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत आयकर भरण्याइतकं उत्पन्न कधी आलेलं नाही, आणि गुंतवणूक म्हणजे फार तर एखादी शेळी किंवा आईच्या गळ्यातले मणी. अशा मुलांना पैशाचं गणित त्यांच्याच घरातून कळावं, एवढा साधा हेतू होता.

आमच्या वर्गातलं चित्र दरवर्षी साधारण सारखंच असतं. एखाद्या मुलाचे वडील शिक्षक किंवा ग्रामसेवक. एखाद्याचं चौकात किराणा दुकान. काहींची विहिरीवर भिजणारी चार-पाच एकर शेती. आणि बऱ्याच जणांची एक-दोन एकर कोरडवाहू, नाहीतर तीही नाही. त्यांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मुलं मागे आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. काही आईबापांबरोबर फडावरही जातात. म्हणून प्रकल्प श्रावणातच घ्यायचा ठरवला. दिवाळीनंतर वर्ग विस्कटतो.

घरातला पैसा चारचौघांत मांडायला कोणालाच आवडत नाही, चौदा वर्षांच्या मुलामुलींना तर अजिबात नाही. त्यामुळे सुरुवातीलाच नियम केले. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या बंद डब्यात टाकायच्या आणि हिशेब झाल्यावर सगळ्यांच्या देखत फाडायच्या. ज्याला स्वतःच्या घरचं लिहायचं नसेल त्याने माहितीतल्या एखाद्या घराचा हिशेब मांडायचा, कोणतं घर ते सांगायचं नाही. पालकसभेत हे समजावून सांगितलं. एका आईने विचारलं, “देणंपण लिहायचं का?” मी म्हटलं, तेच तर मुख्य आहे.

पहिली अडचण आली ती ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात. पगारदार घरातल्या मुलांनी तो लगेच भरला. बाकीचे पेन धरून बसले. कापूस एकदा विकतो, सोयाबीन एकदा विकतं, रोजगार असेल तेव्हा असतो. मग मुलांनीच तोडगा काढला. आमच्याकडे सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो. तसंच पाडवा ते पाडवा धरायचं आणि वर्षातले मोठे येणे-देणे घरच्यांना विचारून लिहायचे. रोजचा बारीक खर्च तेवढा एका महिन्याचा नोंदवायचा. पुस्तकातल्या नमुन्यापेक्षा हा नमुना आमच्या गावाला जास्त लागू पडणारा होता.

दुसरा प्रश्न एका मुलीने उभं राहून विचारला, “मॅडम, उचल जमेत धरायची का देण्यात?”

उचल म्हणजे मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम. नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल ठरते ती कोयत्यावर. वर्गात वाद पेटला. एक म्हणाला, पैसे हातात आले म्हणजे जमा. दुसरा म्हणाला, ते फिटेपर्यंत कर्जच. किराणा दुकानवाल्यांचा मुलगा म्हणाला, “आमच्या वहीत उधारी गेली की ती आमचं येणं असते. मग मुकादमाच्या वहीत ते येणं, म्हणजे ह्यांच्या वहीत देणं.” दुहेरी नोंदीचा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नव्हता, तो गल्ल्यावर बसून शिकला होता. सगळ्यांना पटलं. उचल देण्यात गेली, आणि कितीतरी चिठ्ठ्यांवर ‘जमा’ची बाजू एकदम रिकामी दिसायला लागली.

मग आम्ही फळ्यावर उचलीचं गणित मांडलं. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, असं धरलं, म्हणजे दिवसाचे ७३२ रुपये. एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही खाडा न करता साधारण १३७ दिवस. साडेचार महिने. त्यात फडावर पोट भरायला मिळणारी खर्ची पुन्हा खात्यावरच चढते. कारखान्याचा पट्टा लवकर पडला म्हणजे हंगाम लवकर संपला, आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात आधी ती फेडायची. या रकमेवर व्याज लिहिलेलं नसतं. पण ज्याच्या अंगावर बाकी आहे तो दर, कारखाना, दिवस यातलं काहीच स्वतः ठरवू शकत नाही. मुलं भराभरा आकडे लिहून घेत होती. आपले आईवडील चार-साडेचार महिने जे तोडतात ते आधीच खर्च झालेलं असतं, हे त्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच आकड्यात पाहिलं.

तिसरा भाग व्याजाचा होता, आणि या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. गावात व्याज वर्षाचं सांगत नाहीत, महिन्याचं सांगतात. शेकडा दोन, शेकडा तीन, शेकडा पाच. ऐकायला रक्कम लहान वाटते. मी मुलांना सगळे दर वर्षाच्या टक्क्यात काढायला लावले. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०. दहा हजार घेतले तर वर्षभरात सहा हजार नुसतं व्याज, मुद्दल तसंच.

मग शेजारी दुसरे दर लिहिले. ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि जो बँकेचं पीककर्ज वेळेवर फेडतो, त्याला तीन लाखांपर्यंत केंद्र आणि राज्याची व्याजसवलत मिळून व्याज शून्य टक्के पडतं. पगाराची स्लिप दाखवून घर बांधायला कर्ज घेतलं तर दर दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. सोनं असेल तर ते ठेवून बँकेतून त्याच्या आसपास. ज्याच्याकडे सातबारा नाही, स्लिप नाही आणि सोनंही नाही, त्याला शेकडा पाच. फळ्यावर शून्यापासून साठपर्यंतची ती उतरंड पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे ज्याच्याकडं कमी, त्यालाच महाग.” माझ्या मनात जे होतं ते त्याने चार शब्दांत सांगितलं. मी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं.

ते खरं आहे का, हे पडताळायला मुलं दुकानांत गेली. तेल, चहापूड, साखर, डाळ, साबण आणि शाम्पू यांचे सुट्याचे किंवा छोट्या पाकिटाचे आणि मोठ्या पाकिटाचे भाव लिहून आणले आणि प्रत्येकाचा शंभर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव काढला. सुटं तेल आणि पाच रुपयांची चहापुडी महाग पडत होती. शाम्पूची छोटी पुडी मात्र मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त निघाली. मुलांना ते चुकल्यासारखं वाटलं, पुन्हा गणित करून पाहिलं, उत्तर तेच आलं. मला याचा आनंद झाला. आपल्या मताविरुद्ध आलेला आकडाही वहीत जसाच्या तसा उतरवायचा, हा गणिताचा संस्कार त्या एका पुडीने दिला.

चिठ्ठ्यांत तंबाखूचा खर्च होता, दारूचाही होता. लग्नात कर्ज काढून वाजवलेला डीजे होता. मुलांनी काही लपवलं नाही. फक्त एक गोष्ट ताळ्यात स्पष्ट दिसली. तंबाखू-सुपारीचा खर्च गरीब घरात होता तसा बऱ्या घरातही होता. बऱ्या घराच्या हिशेबात तो कुठेच बोचत नव्हता. गरीब घरात तेवढ्यानेच महिन्याचं गणित मोडत होतं. व्यसन वाईटच, आणि तसं मी वर्गात स्पष्ट सांगितलं. पण गरिबी उधळपट्टीमुळे येते, हा जो समज पांढरपेशा घरांत पक्का असतो, त्याला या चिठ्ठ्यांनी आधार दिला नाही. सर्वांत काटकसरीचा हिशेब ज्या चिठ्ठीत होता, तिच्यातच सर्वांत जास्त व्याज होतं.

बचत गट चालवणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला आम्ही वर्गात बोलावलं. आजींना सही करता येते, वाचता येत नाही, पण गटातल्या प्रत्येक बाईची बाकी तोंडपाठ. त्यांचा गट सभासदांना शेकडा दोनने पैसे देतो. एका मुलाने लगेच हिशेब केला, “आजी, हे वर्षाला चोवीस टक्के झालं. बँकेपेक्षा लई जास्त.” आजी म्हणाल्या, “व्हय रे, पण याज जातंय कुठं? गटातच ऱ्हातंय. वर्साला सगळ्या जणी वाटून घेतो. सावकाराला दिलं ते गेलं.” व्याजाचा दर जितका महत्त्वाचा, तितकंच ते व्याज कोणाच्या घरात जातं हेही महत्त्वाचं, हे माझ्या कोणत्याही तासापेक्षा त्यांनी चांगलं शिकवलं. जाताना त्यांनी मुलींना बजावलं, “खातं आपल्या नावाचं पायजे. नवऱ्याच्या नावाचं नगं.” त्यावर एका मुलीने विचारलं की कोयत्यात आई बापाइतकंच काम करते, मग तिची मजुरी कुठे लिहायची. आमच्या नमुन्यात आईचा वेगळा रकाना नव्हता. त्या दिवशी घातला. पैसे तिच्या हातात येत नसल्यामुळे बहुतेकांनी अंदाजाने निम्मे लिहिले.

सांख्यिकीचं प्रकरण शेवटी घेतलं. पाच घरांचं मासिक उत्पन्न उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं. ८ हजार, ९ हजार, १० हजार, १३ हजार आणि ६० हजार. सरासरी, म्हणजे मध्य, २० हजार. मध्यक १० हजार. मी विचारलं, या पाचांपैकी किती घरं वीस हजारांच्या जवळ आहेत? एकही नाही. चार घरं खाली, एक फार वर. ‘दरडोई उत्पन्न’ हा शब्द मुलं बातम्यांत ऐकतात. तो आकडा म्हणजे मध्य असतो. सरासरी वाढली म्हणजे सगळ्यांचं वाढलं असं होत नाही, मध्यक विचारायचा, हे आता या वर्गातला मुलगा सांगू शकतो. मध्य आणि मध्यक यांतला फरक मी इतकी वर्षं पाठ करून घेत आले, यंदा तो मुलांनी घरी जाऊन सांगितला.

प्रकल्पाच्या शेवटी मुलांनी एक पान तयार करून घरोघरी दिलं. त्यावर मोजक्याच गोष्टी होत्या. पैसे घेताना विचारायचं: शेकडा किती, वर्षाचे किती टक्के, कोणत्या तारखेपासून, पावती देणार का. सावकाराकडे परवाना आहे का ते पाहायचं. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जाला वर्षाला ९ आणि विनातारण कर्जाला १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. फडावर जाणाऱ्यांनी उचलीची तारीख आणि रक्कम वहीत लिहायची, वजनाच्या प्रत्येक पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. बरेच आईबाप ते पान घडी घालून घेऊन गेले. त्याने मजुरीचा दर वाढणार नाही आणि सावकाराची गरज संपणार नाही, हे मला माहीत आहे. पण वही असली की हंगामाच्या शेवटी मुकादमासमोर दोन हिशेब असतात, एक नसतो.

अर्थसाक्षरता हा शब्द आता शाळांपर्यंत पोचला आहे. पोस्टर येतात, शपथा होतात, बचत करा म्हणून सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण ज्या घराला पैसा साठ टक्क्यांनी मिळतो, त्या घराला नुसती काटकसर शिकवणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं आहे. त्या घराला स्वस्त आणि वेळेवर मिळणारं कर्ज हवं, मजुरी वेळेवर आणि जिच्या कष्टाची तिच्या खात्यात हवी, गट आणि पतपुरवठा मजबूत हवा. आणि मुलांना हे सगळं का हवं ते आकड्यांनिशी मांडता यायला हवं. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे: अर्थनियोजनाचं प्रकरण पुस्तकातून शिकवा, पण त्या आठवड्यात एक तास तुमच्या गावातल्या व्याजाच्या दरांसाठी राखून ठेवा. सगळे दर वर्षाच्या टक्क्यांत काढून घ्या आणि शेजारी लिहा की तो दर कोणाला लागतो.