बुडबुडे आणि एक रीडिंग

हॉस्टेलवर राहणाऱ्याला उकळणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. रेक्टरची नजर चुकवून बादलीत रॉड टाकणारे आपण सगळेच! फर्स्ट इयरला मी बटण बंद न करताच रॉड बाहेर काढला आणि तो जळाला. पाणी जेवढी उष्णता ओढून नेतं, तेवढी हवा किंवा वाफ नेऊ शकत नाही, हे तेव्हा दीडशे रुपयांना शिकलो.

हीच गोष्ट फायनल इयरला पुन्हा भेटली. १९३४ साली जपानच्या शिरो नुकियामांनी पाण्यात बारीक तार तापवून उकळण्याचा आलेख काढला. उष्णता वाढवली की बुडबुडे वाढतात. पण एका मर्यादेनंतर ते एकमेकांत मिसळून तारेला वाफेची गोधडीच पांघरतात. मग तारेचं तापमान एकदम चढतं, तार वितळूही शकते.

सरांनी प्रोजेक्ट दिला तो या बुडबुड्यांना विजेने हाकलण्याचा. असमान विद्युतक्षेत्रात द्रव जोरदार क्षेत्राकडे ओढला जातो आणि वाफेचा बुडबुडा कमजोर क्षेत्राकडे ढकलला जातो. व्होल्टेज हजारोंत, पण करंट अगदी किरकोळ, त्यामुळे वीज फारशी लागत नाही. नळाचं पाणी मात्र चालत नाही, कारण त्यातून वीज वाहते. रेफ्रिजरंटसारखा विद्युतरोधक द्रव लागतो. हीट एक्स्चेंजरमध्ये एकही हलता भाग न घालता उष्णता वहन नुसत्या बटणावर कमी-जास्त करायचं! अंतराळात बुडबुडे आपणहून वर जात नाहीत, तिथे तर याचा फारच उपयोग.

तांब्याचा ठोकळा, त्यावर ६१ अंशांना उकळणारा एचएफई-७१००, ५ मिलिमीटर वर जाळी आणि जाळीला ८ हजार व्होल्ट. बटण दाबलं आणि बुडबुडे खरोखर बारीक होऊन बाजूला पळाले. तेवढ्याच उष्णतेला ठोकळा आधी द्रवाच्या उत्कलनबिंदूपेक्षा १४ अंश गरम होता, तो ९ वर आला. म्हणजे ५६ टक्के सुधारणा! त्या रात्री पार्टनरने सगळ्यांना वडापाव खिलवला.

सबमिशनच्या तीन दिवस आधी, सहज म्हणून, हीटर बंद असताना मी जाळीचं बटण दाबलं. द्रव थंडगार, बुडबुडा एकही नाही, तरी थर्मोकपल ३ अंश खाली! पोटात गोळाच आला. हाय व्होल्टेज आमच्या मीटरलाच फसवत होतं.

पार्टनर म्हणाला, "अरे, रिपोर्ट बाइंडिंगला गेलाय. एक्स्टर्नल काय हीटर बंद करून बघणारेत?" खरं सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण रात्रभर झोप लागली नाही. सकाळी दोघंही सरांकडे गेलो. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मग अर्थिंग नीट करा आणि परत घ्या."

ठोकळा अर्थ केला, थर्मोकपलच्या वायरला शील्ड घातलं, दोन रात्री लॅबमध्ये काढल्या. नवं उत्तर: १४ चे १२. सुधारणा १७ टक्के.

व्हायवाला एक्स्टर्नलनी पहिलाच प्रश्न विचारला, "हीटर बंद ठेवून रीडिंग घेतलं होतं का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि एका सुरात म्हणालो, "हो सर!"

पन्नास टक्क्यांचा वडापाव मात्र पार्टनर अजून परत मागतो.