वागळे इस्टेटमधला मेलबॉक्स

माझ्या काकांचं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, अलीकडे कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी आणि कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून केलेलं ऑफिस. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वसाहतीतून. आता मोठे कारखाने बरेचसे गेले, त्यांच्या जागी आयटी पार्क आले, पण मागच्या गल्ल्यांमध्ये जॉबवर्क करणारे गाळे टिकून आहेत. त्यांचा सगळा व्यवहार ईमेलवर चालतो. ड्रॉइंग, कोटेशन, पर्चेस ऑर्डर, इन्स्पेक्शन रिपोर्ट, पेमेंटचे तगादे, सगळं. मी डोंबिवलीहून जाऊन काकांचे हिशेब बघते आणि हिशेबाबरोबर मेलही बघते.

एका जुन्या गिऱ्हाइकाने बिल अडवलं तेव्हा या मेलबॉक्सकडे नीट लक्ष गेलं. माल रिजेक्ट झाला होता आणि आम्ही तेव्हाच कळवलं होतं, असं त्यांचं म्हणणं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. मालाबद्दल काही तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी द्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच कायदा धरतो. इथे तर तक्रार सोडाच, माल मिळाला आणि तपासणीत पास झाला असा त्यांच्या स्टोअर्सचा मेल आला होता. काकांनी तो फोनवर वाचलेला त्यांना स्पष्ट आठवत होता. पण फोनवर तो आता नव्हता. ऑफिसच्या संगणकावर थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या यादीत त्याची ओळ दिसायची, उघडला की मजकूर भलताच यायचा, कुठल्यातरी सेमिनारच्या आमंत्रणाचा.

"उडाला गं तो मेल," काका म्हणाले.

इस्टेटमधल्या बऱ्याच गाळ्यांचे संगणक बघणारा एक मुलगा आहे. कामाला चांगला, बोलावलं की येतो. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सिंकचा प्रॉब्लेम आहे. अकाउंट डिलीट मारतो आणि परत टाकतो, सर्व्हरवरून सगळं आपोआप खाली येईल."

मी त्याला थांबवलं. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते मेल बिघडल्यावर देता येईल असा हा सगळ्यात घातक सल्ला आहे. सर्व्हरवरून सगळं खाली येण्यासाठी ते सर्व्हरवर असावं लागतं. ते तिथे आहे का, हे कुणीच तपासलेलं नव्हतं. थंडरबर्डमध्ये खातं काढताना दोन गोष्टी विचारतात, फक्त खात्याची माहिती काढायची की मेलचा साठाही. घाईत दुसऱ्या चौकोनात टिक पडली की संपलं.

पहिला धागा फोनने दिला. फोनवरच्या इनबॉक्समधला सगळ्यात जुना मेल बरोबर दोन आठवड्यांपूर्वीचा होता. त्याआधीचं एकही पत्र नाही. मेल असेच हरवत असते तर कधी इथला, कधी तिथला गेला असता. इथे रेघ मारल्यासारखी तारीख होती, म्हणजे कुणीतरी नेमाने काढून नेत होतं. ऑफिसच्या संगणकावर अकाउंट सेटिंग्ज उघडून सर्व्हर सेटिंग्जमध्ये गेले तर सर्व्हर टाइपपुढे पॉप लिहिलेलं होतं, आणि खाली 'मेसेज सर्व्हरवर ठेवा, जास्तीत जास्त १४ दिवस' या अर्थाची इंग्रजी ओळ, टिक केलेली.

पॉप म्हणजे पोस्टातल्या पेटीतून पत्रं घरी घेऊन येणं. पत्र आपल्या घरी येतं आणि पेटी रिकामी होते. हा प्रोटोकॉल १९८४ सालचा. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि ती डायल-अपची वर्षं होती. फोनचं बिल चढत असायचं, तेव्हा लाइन जोडायची, मेल उतरवून घ्यायचे आणि लाइन तोडायची, यासाठी पॉप अगदी योग्य होता. सर्व्हरवर जागाही जेमतेम मिळायची. काकांचं पहिलं खातं त्याच काळातलं. पुढे संगणक बदलले, प्रोग्राम बदलले, कंपनीच्या नावाचं डोमेन आलं, पण प्रत्येक वेळी नवं खातं जुन्यासारखंच टाकलं गेलं आणि पॉप तसाच पुढे आला.

फोन मात्र आयमॅपवर होता. आयमॅपचा विचार वेगळा. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये तो मांडला, तो एकच मेलबॉक्स अनेक ठिकाणांहून वापरता यावा म्हणून. मूळ पत्रं सर्व्हरवरच राहतात, आणि प्रत्येक यंत्र तिथे जे आहे ते दाखवतं. तिथून काही गेलं की सगळीकडून जातं. एकाच खात्यावर एका बाजूने पॉप आणि दुसऱ्या बाजूने आयमॅप, हे आमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ होतं. ऑफिसचा संगणक दोन आठवडे जुनी पत्रं सर्व्हरवरून पुसत होता आणि काकांचा फोन प्रामाणिकपणे रिकामा होत होता.

त्यात आणखी एक गुंता होता. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो. बाकीचे फोल्डर त्याच्या लेखी नाहीतच. काका रविवारी घरी बसून फोनवर मेल आले की ते पार्टीच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचे. ऑफिसचा संगणक त्या दिवशी बंद. सोमवारी तो चालू व्हायचा तेव्हा ती पत्रं इनबॉक्समध्ये नसायची, म्हणून संगणकावर कधी आलीच नाहीत. म्हणजे काही मेल फक्त फोनवर, काही फक्त संगणकावर आणि गेल्या १४ दिवसांतले दोन्हीकडे. खातं काढून परत घातलं असतं तर वर्षानुवर्षांची पत्रं गेली असती, कारण त्यांची एकमेव प्रत त्या एका संगणकात होती.

म्हणून सगळ्यात आधी प्रत. थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन म्हणून पान आहे. त्यात प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण मिळतं. ती जागा बघून ठेवली, प्रोग्राम पूर्ण बंद केला आणि ते अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. चालू प्रोग्रामची प्रत घेऊ नये, फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते. या फोल्डरमध्ये एकदा डोकावून बघण्यासारखं आहे. पॉप खात्यांचा साठा 'मेल' नावाच्या फोल्डरात असतो, आयमॅपचा 'आयमॅपमेल' नावाच्या. प्रोग्राम उघडता येत नसला तरी तेवढ्यावरून खातं कोणत्या प्रकारचं ते कळतं. आत प्रत्येक मेल फोल्डरसाठी दोन फाइली. एक शेपटीशिवायची, नुसतं इनबॉक्स वगैरे नाव असलेली. एरवीच्या मांडणीत सगळी पत्रं या एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असतात. दुसरी त्याच नावाची पण एमएसएफ शेपटीची, ती फक्त सूची. सूची पुसली तरी प्रोग्राम नवी करतो. शेपटी नसलेल्या फाइलला मात्र हात लावायचा नाही.

अँटिव्हायरसही इथे नुकसान करतो. एखाद्या जोडपत्रात व्हायरस सापडला तर तो त्या एका पत्राला वेगळं काढू शकत नाही, कारण त्याला दिसते ती एकच फाइल. मग अख्खा इनबॉक्स क्वारंटाइनमध्ये टाकतो. आमच्याकडे असं झालेलं नव्हतं, तरी प्रोफाइल फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळून टाकलं.

यादीत एक पत्र आणि उघडल्यावर दुसरंच, याचा अर्थ मजकूर शाबूत आहे आणि सूची चुकली आहे. कुठलं पत्र फाइलमध्ये कितव्या जागेपासून सुरू होतं हे सूचीत लिहिलेलं असतं. लिहिताना वीज गेली, संगणक मधेच बंद पडला की हे आकडे सरकतात. इनबॉक्सवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर दाबलं. फाइल मोठी होती, वेळ लागला. काका खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसून राहिले. मग यादी परत भरली, आणि स्टोअर्सचा तो मेल उघडला. माल मिळाला, तपासणी ओके, चलन क्रमांकासकट. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि बाहेर लेथवरच्या मिस्त्रीला बोलावून परत वाचून दाखवला.

इथे एक गोष्ट जपून करायची. पॉप खात्यात रिपेअर केलं की सूची या संगणकावरच्या फाइलवरून नव्याने बनते. आयमॅप खात्यात तीच आज्ञा दिली तर स्थानिक साठा टाकून देऊन सर्व्हरवरून सगळं पुन्हा आणलं जातं. सर्व्हरवर नसलेलं पत्र मग राहत नाही. बटण एकच आहे, परिणाम उलटा.

काकांना त्या मेलची प्रिंट काढून व्हॉट्सॲपवर वकिलांना पाठवायची होती. मी तो ईएमएल फाइल म्हणून सेव्ह केला. प्रिंटमध्ये पत्राचा चेहरा येतो. ईएमएलमध्ये संपूर्ण हेडर येतं, म्हणजे पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता आलं त्याची नोंद आणि त्याचा मेसेज आयडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही मागितला आहे. हॅश खऱ्या फाइलची काढता येते, स्क्रीनशॉटवरून मूळ मेलची निघत नाही. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज त्या मेलसह दाखल झाला. निकाल अजून यायचा आहे.

पुढचं काम मेलबॉक्स नव्याने लावण्याचं. थंडरबर्डमध्ये पॉप खात्याचं आयमॅप करता येत नाही, त्याच पत्त्याचं दुसरं खातं आयमॅप म्हणून जोडावं लागतं. ते करण्याआधी जुन्या खात्यातला आपोआप मेल आणण्याचा पर्याय बंद केला, नाहीतर त्याने पुसणं चालूच ठेवलं असतं. मग कळलं की सर्व्हरवर आम्हाला मिळालेली जागा १ जीबी आणि ती जवळजवळ भरलेली. पॉप इनबॉक्स रिकामा करत होता, पण फोनवरून पाठवलेल्या प्रत्येक ड्रॉइंगची प्रत सर्व्हरच्या सेंटमध्ये साठत होती आणि ट्रॅश कुणी रिकामा केलेला नव्हता. मेलबॉक्स भरला की पाठवणाऱ्याला मेल परत जातो आणि आपल्याला काहीच समजत नाही. ऑर्डरवर जगणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. एका गिऱ्हाइकाने "तुमचा मेल बाउन्स होतो" असं फोनवर सांगितलं होतं. ते याचंच लक्षण होतं.

सेंटही एक नव्हता. थंडरबर्ड 'सेंट' म्हणतो, आउटलुक 'सेंट आयटम्स', ॲपलचा मेल 'सेंट मेसेजेस', आणि प्रत्येकाने सर्व्हरवर आपापलं फोल्डर केलेलं. म्हणून काकांनी फोनवरून पाठवलेलं कोटेशन मला ऑफिसात दिसत नसे. प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पाठवलेल्या पत्रांसाठी एकच फोल्डर निवडून दिलं. जुनी पत्रं लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार कॉपी केली, फक्त अलीकडची सर्व्हरवर चढवली, तीही थोडी थोडी. कॉपी करायचं, मूव्ह नाही. मोजून ताळा बसला की मगच जुनं काढायचा विचार.

काकांचं खासगी जीमेलही याच संगणकावर होतं. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं थांबवलं, त्यामुळे तिथे ऑथेंटिकेशन ओऑथ-२ वर ठेवावं लागतं आणि थंडरबर्डमध्ये कुकीज चालू असाव्या लागतात. आमच्या स्टोअर्समधला दुसरा संगणक सर्टिफिकेट चुकीचं म्हणत होता, कारण वीज गेली की त्याचं घड्याळ मागच्या सालात जायचं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला आणि ते थांबलं.

आता तिन्ही ठिकाणी एकच मेलबॉक्स दिसतो आणि काका खूश आहेत. माझी काळजी मात्र बदलली आहे, संपलेली नाही. सिंक झालेल्या मेलबॉक्समध्ये एका बोटाने पुसलेलं पत्र सगळीकडून पुसलं जातं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि आमच्यासारख्यांची निम्मी कागदपत्रं मेलमध्येच असतात. म्हणून प्रोफाइलची प्रत दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क गाळ्यात राहत नाही.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात एखादा जुना संगणक मेल उतरवत असेल तर आज त्याच्या अकाउंट सेटिंग्ज उघडून सर्व्हर टाइपपुढे काय लिहिलंय ते बघा. पॉप असेल तर कुणालाही खातं काढू देण्याआधी प्रोफाइल फोल्डरची प्रत घेऊन ठेवा.