ओवीचे खांब

लाइट आली आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने टिपून ठेवल्यात. तो आवाज मला पडद्यावर उमटताना बघायचा होता. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ब्राउझरमधला वेब ऑडिओ एपीआय २०४८ नमुने घेतो, त्यांचे कंपनसंख्येप्रमाणे १०२४ कप्पे पाडतो आणि प्रत्येकाचा जोर ० ते २५५ मध्ये सांगतो; त्या जोराइतका उंच एकेक खांब मी पडद्यावर काढते. ब्राउझरमधला ऑडिओ ४४,१०० हर्ट्झवर चालत असेल, तर एक कप्पा साधारण साडेएकवीस हर्ट्झचा. मात्र आपण क्लिक केल्याशिवाय क्रोम हूं की चूं करत नाही. बरंच आहे ते!

डीजेचं गाणं लावलं की खांब या टोकापासून त्या टोकापर्यंत उसळतात. ओवी लावली, तर सगळी गर्दी डाव्या कडेला, उजवीकडे नुसतं पडीक रान. बाईचा मूळ सूर दोन-तीनशे हर्ट्झच्या आसपासचा, त्याला जागा मिळणार तरी किती? मग खांब लघुगणकी अंतराने मांडले, खालच्या सुरांना ऐसपैस केलं. आता ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर सावकाश खाली बसताना दिसतो. खांबांचा हा जांभळा निऑन रंग मात्र ओवीला अजिबात शोभत नाही. उद्या हळदीचा पिवळा लावून बघते.