साहेब गेले, केटी राहिली

आमच्या धंद्यात ‘केटी’ नावाचा एक प्रकार असतो. नॉलेज ट्रान्सफर. कुणी राजीनामा टाकला की नोटीस पिरियडमध्ये त्याच्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतून घ्यायचं, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काय होतं ते आयटीतल्या कुणालाही विचारा. जाणाऱ्याचं मन नव्या ऑफरमध्ये, घेणारा अजून दुसऱ्याच प्रोजेक्टवर, आणि मॅनेजर एक्सेलमध्ये ‘केटी पूर्ण’ लिहून मोकळा. मग तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता सिस्टीम झोपते आणि कळतं की अमुक एक फाईल दर रविवारी हाताने पुसावी लागते, हे फक्त त्या गेलेल्या माणसालाच ठाऊक होतं.

मँचेस्टर युनायटेडचं २०१३ नंतर जे काही झालं, त्याचं याहून सोपं स्पष्टीकरण मला आजवर सापडलेलं नाही. आम्हा पाठीराख्यांत प्रत्येकाची एक आवडती शिवी ठरलेली असते. कुणाची ग्लेझर कुटुंबाला, कुणाची वुडवर्डला, कुणाची पॉग्बाला. मी म्हणतो, नावं सोडा, हँडओव्हर कसा झाला ते बघा.

८ मे २०१३ ला सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबर १९८६ पासून हा माणूस एका खुर्चीवर. १३ लीग विजेतेपदं, एकूण ३८ करंडक. शेवटची लीग तर ११ गुणांच्या फरकाने जिंकलेली. आणि गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात सीईओ डेव्हिड गिलही गेले. म्हणजे टेक लीड आणि प्रोजेक्ट मॅनेजर एकाच दिवशी गेटबाहेर! गिल यांच्या जागी आले एड वुडवर्ड. मूळचे बँकर, जाहिराती आणि प्रायोजक आणण्यात पटाईत, पण खेळाडू विकत घेण्याचा अनुभव जवळपास नाही. फर्ग्युसनच्या जागी एव्हर्टनहून डेव्हिड मॉयेस. त्यांनी काय करावं? माईक फेलन, रेने म्युलनस्टीन, गोलकीपिंगचे कोच एरिक स्टील ही मंडळी, म्हणजे ज्यांना रविवारची फाईल माहीत होती ती सगळी, गेली आणि एव्हर्टनची आपली माणसं आली.

पहिल्याच उन्हाळ्यात फेलायनीचा किस्सा झाला. त्याच्या करारात सुमारे २ कोटी ३५ लाख पौंडांची अट होती, मुदत जुलैअखेर. मॉयेस तर त्याच एव्हर्टनहून आलेले. तरी आमच्या लोकांनी मुदत घालवली आणि सप्टेंबरमध्ये, खिडकी बंद होताना, २ कोटी ७५ लाख मोजले. आता बोला! आदल्या वर्षीचा विजेता संघ त्या मोसमात सातवा आला आणि सहा वर्षांचा करार केलेले मॉयेस दहा महिन्यांत घरी गेले.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे ग्लेझर. २००५ साली सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यासाठी मोठं कर्ज काढलं आणि ते क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. म्हणजे घर विकत घ्यायचं आणि हप्ते घरानेच भरायचे. याचा राग मलाही आहेच. त्या वेळी काही पाठीराख्यांनी तर वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. पण हिशोब नीट मांडला तर याच मालकांच्या आणि याच कर्जाच्या काळात २००७ ते २०१३ मध्ये पाच लीग आणि एक चॅम्पियन्स लीग आली. २००८ ची मॉस्कोची फायनल मी मामाकडे बसून बघितली होती, शाळेत होतो तेव्हा. सव्वाबाराला सुरू झालेली मॅच, टेरी घसरला तेव्हा पहाट व्हायला आलेली, आणि मामी आतून ओरडतेय. त्या रात्री मालक कोण याची फिकीर कुणाला होती? मालकांची चूक खरी, पण साहेब म्हणजे त्या चुकीवर लावलेला पॅच होता. पॅच निघाला आणि खालचा कोड दिसला.

बरं, हा बग नवा असता तरी समजलं असतं. मॅट बस्बी यांनी १९६८ ला युरोपियन कप जिंकून दिला आणि १९६९ ला मॅनेजरपद सोडलं. विल्फ मॅकगिनेस आले, जमलं नाही, म्हणून बस्बींनाच काही महिने परत बोलावलं. मग फ्रँक ओ’फॅरेल, मग टॉमी डॉकर्टी. १९७४ ला क्लब दुसऱ्या विभागात! युरोपच्या गादीवरून खाली यायला फक्त सहा वर्षं लागली, आणि १९६७ नंतरची पुढची लीग थेट १९९३ ला आली. म्हणजे हाच बग, हाच मॉड्यूल. कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

आता खेळाडूंकडे येतो. पॉग्बा २०१२ ला फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ ला आम्ही त्याला ८ कोटी ९० लाख पौंड देऊन परत आणलं, तेव्हाचा जागतिक विक्रम. २०२२ ला तो पुन्हा फुकटात गेला. कंपनी सोडून गेलेला ज्युनियर दामदुप्पट पॅकेजवर परत येतो, तसं. :) लोक म्हणाले आळशी आहे, केसांकडेच लक्ष. पण हाच आळशी माणूस २०१८ ला विश्वचषकाच्या फायनलमध्ये फ्रान्ससाठी गोल मारतो. डी मारिया २०१४ ला विक्रमी किमतीत आला आणि वर्षभरात पळाला. त्याने २०२१ च्या कोपा अमेरिका फायनलमध्ये एकमेव गोल मारला, २०२२ च्या विश्वचषक फायनलमध्येही मारला. मॅकटॉमिने आमच्या अ‍ॅकॅडमीतला पोरगा, २०२४ ला नापोलीला विकला, आणि त्या मोसमात नापोली विजेता आणि हा इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

हे सगळे काय ओल्ड ट्रॅफर्डच्या पाण्याने बिघडतात? तसं नसतं. दुसरीकडे त्यांना कुणीतरी सांगितलं की तू इथे उभा राहा, तुझं काम एवढंच, बाकीचं आम्ही बघतो. आमच्याकडे मॉयेसपासून अमोरीमपर्यंत सहा कायमचे मॅनेजर झाले आणि प्रत्येकाने नवा आर्किटेक्चर डायग्राम काढला. एकाला चेंडू ताब्यात ठेवायचा होता, दुसऱ्याला उंचपुरे गडी हवे होते, तिसऱ्याला वेगाने प्रतिहल्ला, चौथ्याने आयॅक्समधली जुनी पोरं आणली, शेवटच्याला मागे तीन जण हवे होते. प्रत्येकाच्या खरेदीचा माल पुढच्याच्या गळ्यात. याचा हिशोब २०२४-२५ ला पूर्ण झाला: लीगमध्ये १५ वा क्रमांक. १९७४ नंतर इतकं खाली आम्ही कधी गेलो नव्हतो.

म्हणून मला आंतरराष्ट्रीय स्पर्धा आवडतात. लोक म्हणतात त्यातलं फुटबॉल क्लबपेक्षा कच्चं असतं. असेल. पण तिथे चेकबुक चालत नाही. लेफ्ट बॅक नसेल तर विकत आणता येत नाही, आहे त्या रिसोर्सेसवर भागवायचं, आणि सरावाला मोजके दिवस. अशा वेळी संस्थेला काय येतं ते उघडं पडतं.

स्पेन बघा. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोकडून पेनल्टीवर हरले, लुइस एन्रिके गेले. त्यांच्या जागी जे आले त्या लुइस दे ला फुएन्ते यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? पण ते २०१३ पासून स्पॅनिश फेडरेशनमध्येच होते. २०१५ ला १९ वर्षांखालील युरो जिंकला, संघात रॉद्री आणि मेरिनो. २०१९ ला २१ वर्षांखालील युरो जिंकला, संघात फाबियान, ओल्मो, ओयारझाबाल. मग २०२४ च्या युरोत सातच्या सात मॅचेस जिंकल्या. फायनलला ८६ व्या मिनिटाला गोल मारला ओयारझाबालने, आणि शेवटी इंग्लंडचा गोल रेषेवरून डोक्याने बाहेर काढला ओल्मोने. नऊ वर्षं चाललेली केटी! आणि मधल्या काळात फेडरेशनच्या अध्यक्षांना, रुबियालेसना, २०२३ ला बदनाम होऊन जावं लागलं. वरचा मजला पेटलेला असतानाही खालचं काम चालू राहिलं, कारण ते एका माणसावर टांगलेलं नव्हतं.

त्याहून गोड उदाहरण आइसलँडचं. लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आत. स्वीडनचे लार्स लागरबॅक कोच आणि पेशाने दंतवैद्य असलेले हेमिर हॉलग्रिमसन त्यांचे सहायक. मग काही काळ दोघे जोडीने कोच. २०१६ च्या युरोत इंग्लंडला हरवलं, लागरबॅक पायउतार झाले, हेमिर एकटे राहिले आणि २०१८ ला थेट विश्वचषकात. पहिल्याच मॅचमध्ये अर्जेंटिनाशी १-१. आधी शॅडो, मग बरोबरीने, मग एकट्याने... ट्रेनिंगच्या स्लाईडवर लिहिलेलं असतं, अगदी तसं.

आता जे लिहितोय ते लिहिताना बोटं दुखतायत. लिव्हरपूलला हे कायम जमलंय. शँकलीनंतर पेस्ली, पेस्लीनंतर फेगन, सगळे एकाच खोलीत चहा पीत तयार झालेले. आणि अलीकडे क्लॉप यांनी २०२४ च्या जानेवारीतच सांगून टाकलं की मोसम संपला की मी जाणार. आर्ने स्लॉट आले, उन्हाळ्यात कामाला आलेला नवा खेळाडू एकटा किएझा, आणि २०२५ ला लीग जिंकली. त्यांची विसावी. आमच्याही वीसच होत्या. त्या रात्री मी फोन बंद ठेवला होता, एवढंच सांगतो.

आपल्याकडे काय? मानोलो मार्केझ यांना जुलै २०२४ ला भारताचा कोच नेमलं, आणि ते त्याच वेळी एफसी गोवाचेही कोच. एक रिसोर्स, दोन प्रोजेक्ट, पन्नास-पन्नास टक्के अलोकेशन. गोव्याने सुपर कप जिंकला, भारताने आठ मॅचेसमध्ये एक जिंकली, आणि वर्षभरात ते गेले. सुनील छेत्रीने जून २०२४ ला निवृत्ती घेतली, तर मार्च २०२५ ला चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं, आणि आल्या आल्या गोल त्यानेच मारला. टाळ्या वाजवल्या मी, पण त्या टाळ्यांत पोटात खड्डाही पडला होता. निवृत्त माणसाला फोन करून पासवर्ड विचारायचा, ही काय सिस्टीम झाली? ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून २-१ हरलो आणि २०२७ च्या आशिया कपची आशा संपली.

क्लबांचंही तेच. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० ला बंद. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा, काही वर्षांत गायब. मग आलेला एफसी पुणे सिटी २०१९ ला संपला. मालकाच्या ताळेबंदातली एक ओळ खोडली की क्लब खल्लास. उलट कोल्हापुरात जा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. दर्जाबद्दल काय हवं ते बोला, पण तिथे क्लब पेठेचा आणि तालमीचा असतो. आजोबा शाहू स्टेडियमवर नातवाला घेऊन जातात. अध्यक्ष बदलतो, पेठ बदलत नाही.

म्हणून युनायटेडमध्ये फेब्रुवारी २०२४ ला रॅटक्लिफ आले तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी कुणी प्रोसेस बसवेल. झालं काय? जुलैत टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं. कित्येक महिने भांडून आणलेले स्पोर्टिंग डायरेक्टर अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत गेले. आणि त्याच वर्षी खर्च वाचवायला सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांना नारळ दिला.

लेऑफ म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या इंजिनियरला समजावून सांगायला नको. शेजारची खुर्ची सोमवारी रिकामी दिसते आणि कुणी काही बोलत नाही. त्या अडीचशेंमध्ये एकही मॅनेजर किंवा स्ट्रायकर नव्हता, पण क्लब रोज कसा चालतो हे अशाच लोकांना ठाऊक असतं. १९६८ पासून युनायटेडच्या रिसेप्शनवर काम केलेल्या कॅथ फिप्स डिसेंबर २०२४ मध्ये वारल्या. बस्बींपासून सगळे मॅनेजर त्यांनी बघितले. नवा पोरगा आला की त्याला क्लब म्हणजे काय ते त्यांच्या एका हसण्यात कळायचं, असं खेळाडू सांगतात. ही केटी कुठल्या एक्सेलमध्ये बसवणार?

एक विशीतला पोरगा दहा कोटींना आणता येतो आणि तो नाही चालला तर दुसरा. त्याला पहिल्या दिवशी कुणी हात धरून आत न्यायचं, याचं बजेट कुठल्याच ट्रान्सफर विंडोत नसतं. युनायटेडने आधी ते माणूस नेमावं, स्ट्रायकर मग बघू.

असो. साडेसातला मॅच आहे. बघणारच, जाणार कुठे?