बल्लाळाचा उशीर

पालीच्या देवाला नाव मिळालं ते घरी उशिरा येणाऱ्या एका पोरावरून. पल्लीपुरात कल्याण नावाचा शेठ होता. त्याचा मुलगा बल्लाळ गावातली पोरं गोळा करून रानात न्यायचा, एका धोंड्याला गणपती मानून पूजेचा खेळ मांडायचा, आणि त्या नादात कुणालाच परतायचं भान राहायचं नाही. पोरांच्या आईबापांनी शेठकडे गाऱ्हाणं नेलं. शेठ संतापून रानात गेला, पूजा उधळली, धोंडा भिरकावला, बल्लाळाला झोडपलं आणि झाडाला बांधून निघून आला. पुढे देवाने बल्लाळाला सोडवलं आणि त्याचंच नाव घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. भिरकावलेला धोंडा म्हणजे जवळच्याच देवळातला ढुंढीविनायक. दर्शनाचा पहिला मान आजही त्याचा.

कथेतल्या मोठ्या माणसांची बाजू कुणी फारशी घेत नाही. देवाने घेतलीच नाही.

देवळाच्या मागे मान वर केली की सरसगड दिसतो. डोंगर गावापासून लांब कुठे नाही, घरं संपतात तिथेच तो चढायला लागतो. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ४९० मीटर. माथ्यावर कातळाचं मोठं मुटकुळं, म्हणून ‘पगडीचा किल्ला’ हे दुसरं नाव. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बहुतेक गाड्या दर्शन, मोदक, पोह्याचे पापड आणि मिरगुंडांची पुडकी एवढ्यावर आटोपतात आणि पगडीकडे न बघताच खोपोलीच्या किंवा वाकणच्या रस्त्याला लागतात. पण गाडीत मागच्या सीटवर आठ-नऊ वर्षांचं कुणी असलं आणि शेजारी साठी ओलांडलेलं कुणी, तर कधी कधी प्रश्न निघतो: “त्या वरती काय आहे?” तिथून पुढे तो दिवस वेगळा होतो.

नातवंडांबरोबर डोंगर चढण्यात एक सोय आहे. चाळिशीतले आईबाप घड्याळ बघत चढतात; आजोबा आणि नातू मात्र दर वीस पावलांनी थांबतात, एकाला दम लागलेला असतो म्हणून आणि दुसऱ्याला मुंगळ्यांची रांग दिसलेली असते म्हणून. दोघांचा वेग एकच, कारणं निराळी. आजी “हे बघ, तेरडा” म्हणते तेव्हा तिला फुलाइतकाच दगडाचाही आधार हवा असतो, हे पोराला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. कारवीची झुडपं दाखवून ती सात वर्षांतून एकदा फुलते हे सांगितलं की हिशेब सुरू होतो: पुढच्या वेळी मी किती वर्षांचा असेन? आणि तू? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना आजी हसते आणि पाण्याची बाटली काढते.

“अजून किती?” हा प्रश्न तर ठरलेलाच. सह्याद्रीत त्याचं उत्तरही पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे: “हे काय, आलंच.” वाटेत भेटलेला गुराखी हेच सांगतो, उतरून येणारी कॉलेजची पोरं हेच सांगतात. यापैकी कुणाच्याही ‘आलंच’वर विसंबू नये.

सरसगडाची वाट सुरुवातीला झाडीतून आणि मग उघड्या धारेवरून जाते. वर घसारा आहे, बारीक खडी पायाखालून सरकते. त्यापुढे दोन कातळांच्या चिमटीत खोदलेल्या पायऱ्या येतात. पुस्तकांत त्या ९६ लिहिल्या आहेत. त्या कुणी लहान मुलांसाठी खोदलेल्या नाहीत. काही पायऱ्या दीड-दोन फूट उंच आहेत, चढताना पोरं हात टेकवून माकडासारखी जातात आणि त्यांना ती मोठी गंमत वाटते. आजोबांना तशी वाटत नाही. वर दिंडी दरवाजा, कातळात कोरलेल्या खोल्या, पाण्याची टाकी, आणि बालेकिल्ल्यावर केदारेश्वराचं लहानसं देऊळ. या गडाच्या दुरुस्तीसाठी शिवाजी महाराजांनी २००० होन मंजूर केले होते असं सांगतात. वरून एकीकडे अंबा नदीची वळणं दिसतात, पाली-नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीकडे निघालेली. दुसरीकडे सुधागडाचं पसरट पठार आणि त्यामागे तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘सोपा ट्रेक’ ही पाटी सरसगडाला लावणारे लोक बहुतेक पंचविशीतले असतात. नातवंडं आणि आजी-आजोबा अशी जोडी असेल तर पायऱ्यांच्या तळापर्यंतचा सरसगड सोपा. त्यापुढचा नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर मुळीच नाही. चढणं निभतं, उतरणं गुडघ्यांवर येतं. तळाशीच बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन परत फिरलेल्यांनी गड ‘केला नाही’ असं म्हणणारे म्हणोत. बल्लाळ तरी कुठल्या शिखरावर गेला होता?

गडापर्यंत जायचंच नसेल तर पालीच्या आसपास पोरांच्या पायांना पुरेल इतकं बरंच आहे. तीनेक किलोमीटरवर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची ओळच आहे. गंधकाचा वास आला की मुलं नाक दाबतात आणि पाय मात्र पाण्यातून काढत नाहीत. थकलेल्या घोट्यांना हे पाणी बरं वाटतं, असा आजी मंडळींचा अनुभव.

दुसरी वाट नाडसूरकडची, ठाणाळ्याच्या लेण्यांची. रानातून दीड-दोन तास चालावं लागतं. पाऊलवाट मळलेली दिसली तरी ढोरवाटा तिला जागोजागी फुटतात, म्हणून गावातलं कुणी सोबत घेतलेलं बरं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही बौद्ध लेणी घाटाच्या ऐन पोटात आहेत. हेन्री कझन्स या पुरातत्त्वज्ञाने १८९१ मध्ये नाडसूर आणि खडसांबळ्याच्या लेण्यांवर पुस्तिका छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली. आसपासच्या ठाकर-कातकरी माणसांना ती ठाऊक होतीच. भिक्षूंच्या खोल्यांतले दगडी ओटे पाहून नातवंडांचा पहिला प्रश्न असतो, “गादी कुठे होती?” हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, पण तो चुकीचाही नाही.

सुधागडाला मात्र मुलांनी दहा-बारा वर्षांचं व्हावं. पाच्छापूर-ठाकूरवाडीकडून वाटेत लोखंडी शिडी आहे, चढ दोन-अडीच तासांचा. या पाच्छापूरच्या परिसरातच १६८१ मध्ये संभाजी महाराज आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर यांची भेट झाली. गडावर भोराईदेवीचं देऊळ आहे, भोरच्या पंतसचिवांचा वाडा आहे, आणि महादरवाजा थेट रायगडाच्या दरवाजाची आठवण करून देतो. संस्थानं विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा सगळा भाग भोरकरांकडे होता. घाटावरच्या संस्थानाचा तुकडा घाटाखाली कसा, हे नकाशा पाहून कळत नाही; तैलबैलाच्या बाजूने उतरणाऱ्या घाटवाटा पाहिल्या की कळतं. जुनी माणसं त्या वाटांनी पायी ये-जा करत.

संध्याकाळी खाली उतरून पुन्हा देवळात गेलं तर घंटा वाजवायला पोरांची रांग असते. इथली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर अर्पण केलेली, पोर्तुगिजांकडची, असं सांगतात. “म्हणजे चर्चमधली?” या प्रश्नावर आजोबा क्षणभर गप्प होतात, आणि मग वसईची लढाई सुरू होते ती गाडीत बसेपर्यंत संपत नाही.

जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत जावं. हवा थंड, गवत पिवळं, वाट कोरडी. आणखी एक कारण आहे: तेव्हा या भागात वालाच्या शेंगा तयार होतात आणि शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, मग तोंडाशी पुन्हा पाला दडपून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या तासाने तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात; ते चर्रकन उडून गेलं की पोपटी झाली. उघडल्यावर भांबुर्ड्याचा जो वास सुटतो, त्यानंतर मुलांना सकाळचा डोंगर किती चढलो हे आठवत नाही. फार तर पायऱ्यांचा वाद उरतो. नातवाने मोजलेल्या १०४, नातीने ८९, आणि आजोबांनी चढताना मोजायला सुरुवात केली होती ती तिसाव्या पायरीवर सोडून दिली.

त्या दिवशी घरी उशीर होतो. फोन येतो तेव्हा आजीने सांगावं, पालीला होतो.