फुकट, वरून आग्रह

मराठवाड्यात टंचाई कशाची नाही? पावसाची आहे, नोकऱ्यांची आहे, पाण्याची तर आहेच. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण लेकरं कशी वाढवावीत याबद्दलचा सल्ला मात्र आम्हाला आजवर बाहेरून आणावा लागलेला नाही. त्या बाबतीत आमचं चाकूर स्वयंपूर्ण आहे. निर्यातसुद्धा करू शकेल. त्यातून गाव पडलं लातूर-नांदेड रस्त्यावर. लातूरकडून येणारा शहाणा आणि नांदेडकडून येणारा शहाणा, दोघंही एसटी पाच मिनिटं थांबली की खाली उतरतात, चहा घेतात आणि तुमच्या कडेवरच्या लेकराकडं बघून म्हणतात, “सर्दी झालेली दिसते. टोपरं घाला की!” गाडी निघून जाते. टोपरं मागं राहतं.

या सल्ल्याचं वैशिष्ट्य असं, की तो मागावा लागत नाही. भाजी घेताना मिळतो, दाढी करताना मिळतो, मयतीला गेलं तर तिथंही हळू आवाजात मिळतो. पैसे पडत नाहीत. उलट घेतला नाही तर समोरच्याला वाईट वाटतं. जेवायला वाढताना जसा “अजून अर्धी भाकरी” असा आग्रह होतो, तसाच इथंही होतो.

आमची कन्या घरात आली तेव्हा पहिला वाद गुटीचा निघाला. वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध अशी सगळी मंडळी एका डबीत गुण्यागोविंदानं नांदत होती. भांडण होतं ते बाहेर, वेढ्यांवरून. माझी आई म्हणायची, जायफळाचा एकच वेढा. शेजारच्या आक्का म्हणायच्या, “एका वेढ्यानं काय हुतंय? दोन द्या, रातभर हूं का चूं न्हाई.” तालुक्याच्या डॉक्टरांचं तिसरंच. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून हेच सांगते आहे, असं त्यांनी मला समजावलं आणि मी ते जाऊन आक्कांना समजावलं.

“कोन संघटना?” आक्कांनी विचारलं.

“जागतिक.”

“तिनं किती लेकरं वाढवली?”

संघटनेच्या वतीनं माझ्याकडं उत्तर नव्हतं.

“मला सात हैत,” आक्का म्हणाल्या आणि सभा बरखास्त झाली.

सौभाग्यवतीनं मात्र वाद घातलाच नाही. तिनं डबी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. आक्का आल्या की डबी खाली यायची, आक्का गेल्या की वर जायची. सहा महिन्यांत सहाण एकदाही ओली झाली नाही आणि आक्कांचा मानही राहिला. सल्ला घेणं ही एक कला आहे आणि न घेणं ही त्याहून मोठी, हे मी त्या डबीकडून शिकलो.

मी स्वतः पुस्तकवाला माणूस. अमेरिकेतल्या डॉक्टर स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि त्याचा जगभर खप झाला. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. आईबापांनो, स्वतःवर विश्वास ठेवा, असं डॉक्टर आधीच सांगून टाकतात आणि मग पुढं शेकडो पानं सूचना देतात. आमच्या आक्काही अशाच. “तुमचं तुम्ही शहाणे,” म्हणून सुरू करतात आणि दिवेलागण होईपर्यंत उठत नाहीत. शिवाय याच पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीत तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं असं होतं. पुढं वैद्यकशास्त्राच्या ध्यानात आलं की पालथं झोपवण्यात जिवाला धोका आहे, आणि १९९० नंतर अमेरिकेत बाळाला उताणं झोपवा म्हणून मोहीम चालवावी लागली. एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला जर अंथरुणावर कूस बदलू शकतो, तर आमच्या गल्लीचा दर आठवड्याला बदलतो याचं काय नवल?

मराठीतही ही परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं मुलांना न मारता, न दटावता शिकवण्याचा आग्रह धरला आणि १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. पुण्यात १९८७ साली ‘पालकनीती’ नावाचं मासिकच सुरू झालं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी हे सगळं वाचलेलं आहे. लेकरांवर कधी हात उगारू नका, असं ते आम्हा पालकांना कळकळीनं सांगतात. तेव्हा समोर बसलेले त्यांचे माजी विद्यार्थी नकळत गालावरून हात फिरवतात.

पण खरा पूर आला तो कन्येची दहावी झाल्यावर. गुण बरे पडले. बरे म्हणजे इतके, की तिला आता घरी ठेवता येणार नाही अशी सगळ्या गावाची खात्री पटली. आमच्या भागात दहावीनंतर दोनच दिशा असतात, लातूर आणि लातूर नाही ती. लातूरचं शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं, डॉक्टर जनार्दन वाघमारे तिथले पहिले प्राचार्य. तिथून पुढं ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द असा वाढला, की आता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं तिथं येऊन खोल्या घेऊन राहतात. आमच्या लहानपणी ‘नीट’ म्हणजे नीट वागणं. आता ‘नीट’ ही परीक्षा आहे, सातशेवीस गुणांची, आणि तिच्यापायी घराघरांत कुणी नीट जेवत नाही.

“पाठवा,” कंडक्टर म्हणाला. “इथं ऱ्हाऊन काय करूलालीय?”

“नका पाठवू,” आक्का म्हणाल्या. “पोरीची जात. पंधरा वर्साचं लेकरू हाय.”

“पाठवा, पण मोबाइल देऊ नका,” असं एकानं मला मोबाइलवर कळवलं. दुसऱ्यानं वडवळ नागनाथच्या बेटावरची स्मरणशक्तीची मुळी आणून देतो म्हणून सांगितलं. ते बेट आमच्याच तालुक्यात. औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं. मुळी आणायचं मात्र त्याच्या स्मरणात राहिलं नाही.

या सगळ्यांचं ऐकताना मला आमच्या तालुक्यातलं लातूर रोड स्टेशन आठवायचं. पाटी वाचून नवखा माणूस ऐटीत उतरतो आणि मग त्याला कळतं की हे लातूर नव्हे. लातूर अजून तीसेक किलोमीटर पुढं आहे, तिथवर जायची सोय ज्याची त्यानं बघायची. सल्ल्याचंही तसंच. उतरवून देतो, पोचवत नाही.

घरात मात्र कुणी बोलत नव्हतं. कन्येला विचारलं, तर म्हणाली, “जाते की.” आवाज धीट होता. पण त्या रात्री ती आईच्या अंथरुणात जाऊन झोपली. सौभाग्यवती पहाटेपर्यंत तिच्या केसांतून हात फिरवत जागी होती आणि मी दुसऱ्या खोलीत झोपल्याचं सोंग करून जागा होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता दुकान बंद करून किराणावाले मामा आले. मामा म्हणजे गावातला सल्ला न देणारा एकमेव माणूस. “तूरडाळ चांगली आलीय” याच्या पलीकडं त्यांनी मला कधी काही सुचवलेलं नव्हतं. चार वर्षांमागं त्यांचा मुलगा लातूरला गेला होता आणि आठ महिन्यांत परत आला होता. का आला, यावर गावानं पुष्कळ तर्क केले. मामांनी एक शब्द काढला नव्हता.

“एक सांगू का, सायेब?” ते उंबऱ्यातच बसून म्हणाले. “पाठवा न्हाईतर नका पाठवू, ते तुमचं तुम्ही बगा. पर पाठवलाव तर दर ऐतवारी डबा घेऊन जावा. आन् गेल्यावर मार्क इचारू नका. काय जेवलीस, झोप लागती का, एवढंच इचारा. मी रोज फोनवर मार्कच इचारत हुतो. त्यो रोज सांगत हुता. एक दिस फोनच उचलंना झाला.”

“मग?”

“मग गेलो, घेऊन आलो. आता दुकानावर बसतोय. हिशोबाला चांगला हाय.” थोडा वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली. “येतो. डाळ लागली तर सांगा.”

चहासुद्धा घेतला नाही. आग्रह तर नव्हताच. चार वर्षं जे त्यांनी कुणापाशी बोललं नव्हतं, ते आमच्या पोरीसाठी उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. सौभाग्यवतीनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, “मोठा डबा काढायला हवा माळ्यावरून.” असा निर्णय झाला.

आता रविवारची सकाळची एसटी आमची ठरलेली. गाडीत पाहावं तर प्रत्येकाच्या मांडीवर डबा, फडक्यात घट्ट बांधलेला. अहमदपूरकडून चढलेल्यांचे डबे, आमच्या चाकूरकरांचे डबे. शेंगाच्या चटणीच्या वासानं डिझेलचा वास हरतो. आणि गाडी गावाबाहेर पडली, की पालकांचं अधिवेशन भरतं. कुणी डोळ्यांचे व्यायाम सांगतो, कुणी रोज चार बदाम भिजवायला लावतो, कुणी क्लास बदला म्हणतो. परवा एक नवा बाप शेजारी आला. पहिलाच रविवार होता. त्याच्या मांडीवरचा डबा दर खड्ड्याला थरथरत होता आणि रस्ता एवढा वाईट नव्हता. मी त्याला मामांचं सांगणं सांगितलं, नाव न घेता. त्यानं मान हलवली. आमचं हे पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या कानावर गेलं असावं. ते मागं वळले, माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, “ते ठीक हाय, पर तुमच्या पोरीला मागच्या टेस्टला किती पडले?”

“वांगं आवडलं नाही म्हणाली,” मी सांगितलं. “मेसमध्ये तेल फार घालतात. झोप मात्र लागते.”