चढावरचा दम आणि छातीतलं दडपण

रत्नागिरीचा रत्नदुर्ग चढायला फार मोठा नाही. तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ. तिकडे गेलो की मी गाडी खालीच ठेवतो. पन्नाशीनंतर मधे एकदा थांबावं लागतं, पण बोलता येतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर येतो. एवढा दम लागणारच, त्याला आजार म्हणू नका.

वारा समोरून असला तर मात्र त्याच चढाला हृदयाला जास्त काम पडतं. घाम लगेच वाळतो, म्हणून तो किती गेला हेही कळत नाही.

"डॉक्टर, चढताना छातीत भरल्यासारखं होतं, थांबलं की जातं. गॅसच असणार!" हे वाक्य मी दवाखान्यात फार ऐकतो. चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दडपण, मग ते छातीत असो, जबड्यात किंवा हातात, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. जेवून लगेच चढलात तर ते लवकर येतं, म्हणूनच बिचाऱ्या गॅसवर आळ येतो. झोपवून काढलेला ईसीजी अशा वेळी नॉर्मलही येतो. काही मधुमेहींना तर दुखतच नाही, नुसता नेहमीपेक्षा जास्त दम लागतो. आणि थांबूनही दडपण गेलं नाही, तर लगेच रुग्णालय गाठा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या.